८३ सेकंदांचा प्रकाश

२००४ सालच्या एप्रिलमध्ये पुण्यात माझ्या आत्याच्या उजव्या डोळ्यावर जो उपचार झाला, त्याचे नाव तिला शेवटपर्यंत नीट उच्चारता आले नाही. ती त्याला ‘दिव्याचे औषध’ म्हणत असे. तिच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, वार्धक्यामुळे, नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या आणि त्या पाझरत असल्यामुळे पंचांगातली सरळ ओळ तिला मधूनच वाकडी दिसू लागली होती. दंडातल्या शिरेतून दहा मिनिटे एक गडद हिरवे औषध सावकाश सोडण्यात आले, ते सुरू केल्यापासून पंधराव्या मिनिटाला डोळ्यात लाल लेझरचा प्रकाश टाकण्यात आला आणि तो मोजून ८३ सेकंद ठेवून बंद करण्यात आला. घरी पाठवताना पाच दिवस उन्हात जायचे नाही, एवढे बजावण्यात आले. आत्याने ते इतके मनावर घेतले की, वाड्यातल्या आपल्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून ती पाच दिवस काळोखात बसली.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि घरातली एकुलती एक ‘सायन्सवाली’ होते. त्या काळोखात तिने मला विचारले, “अगं, औषध दंडातून दिलं, दिवा डोळ्यात दाखवला, मग उन्हानं माझ्या हाताला का भाजावं?” प्रश्न अगदी नेमका होता आणि मला त्याचे उत्तर आले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्या औषधाचे माहितीपत्रक हाती आले, तेव्हा त्यात असे वाचायला मिळाले की, रुग्णाने प्रखर ऊन टाळावे, परंतु काळोखात बसू नये. घरातल्या साध्या उजेडात वावरावे, कारण त्या मंद उजेडानेच त्वचेत उरलेले औषध हळूहळू निकामी होत जाते. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर आमच्या कानांवरून गेले असेल. मात्र आत्याच्या त्या प्रश्नामुळेच मी या विषयाकडे वळले, आणि प्रकाशाने जागे होणारी औषधे व त्यांना वाहून नेणारे अब्जांश (नॅनो) कण यांच्याविषयी आज जे लिहीत आहे ते त्या प्रश्नाचे वीस वर्षे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. मराठीत प्रकाशगतिक उपचार असा शब्द वापरता येईल. त्याला तीन गोष्टी लागतात : प्रकाशसंवेदक औषध, त्या औषधाला मानवेल अशा तरंगलांबीचा प्रकाश आणि ऑक्सिजन. औषध एकटे असताना जवळजवळ निरुपद्रवी असते, आणि प्रकाशही इतका मंद असतो की त्याच्याने भाजत नाही. औषधाच्या रेणूने प्रकाश शोषला की तो उत्तेजित होतो आणि ती जास्तीची ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला देऊन टाकतो. अशा रीतीने चेतवलेला ऑक्सिजन, ज्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात, तो अतिशय आक्रमक असतो, परंतु त्याचे आयुष्य पाण्यात केवळ काही मायक्रोसेकंदांचे असते. पेशीच्या आत तो जिथे जन्मतो तिथून पेशीच्या रुंदीच्या एका लहानशा अंशाइतकेच अंतर तोडू शकतो आणि तेवढ्यात जे समोर येईल त्याची, मग ते पेशीचे आवरण असो वा तिच्यातली प्रथिने असोत, नासधूस करतो. त्यामुळे हानी होते ती जिथे औषधही आहे आणि प्रकाशही आहे, तिथेच. आत्याच्या दंडातून शिरलेले औषध रक्ताबरोबर सर्वत्र गेले होते, हातांच्या त्वचेतही; म्हणून हातांवर ऊन पडले असते तर डोळ्यात जे घडवून आणले तेच तिथे नको असताना घडले असते.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच परकी नाही. कोडाच्या डागांवर बावचीचा लेप लावून रुग्णाला उन्हात बसवण्याची आयुर्वेदातली रीत जुनी आहे आणि बावचीतील सोरालेन हे द्रव्य अतिनील किरणांच्या सान्निध्यात क्रियाशील होते, हे आधुनिक त्वचारोगशास्त्रानेही मान्य करून १९७० च्या दशकात त्यावर उपचारपद्धती उभी केली. सोरालेनला मात्र ऑक्सिजनची गरज नसते, ते थेट डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडते. म्हणून त्याला प्रकाशगतिक उपचाराचे सख्खे नव्हे, चुलत भावंड म्हणावे लागेल. सख्ख्या घराण्याची सुरुवात म्युनिकमध्ये झाली. तिथे हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी अॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामीशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. एकाच मात्रेने हे जीव एके दिवशी लवकर मरत, तर दुसऱ्या दिवशी बराच वेळ जिवंत राहत. फरक होता तो प्रयोगशाळेतल्या उजेडाचा, हे त्याच्या ध्यानात आले आणि १९०० साली ते प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरांनी स्वतःला हिमॅटोपॉरफिरिन हे प्रकाशसंवेदक द्रव्य २०० मिलिग्रॅम टोचून घेतले आणि उन्हात गेल्यावर त्यांचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला. उन्हाचा हा त्रास त्यांना पुढे बराच काळ पुरला. त्या सुजलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आत्याच्या घोंगड्या मला एकदम शहाणपणाच्या वाटल्या.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आणि पानांतल्या हरितद्रव्याचे नातलग असलेले पॉरफिरिन हे रेणू या उपचारात पुढे दीर्घकाळ मुख्य राहिले. अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत थॉमस डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात त्यांचा कर्करोगावर पद्धतशीर वापर सुरू केला, आणि त्यातून तयार झालेल्या फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात व १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. फोटोफ्रिन हे काही आदर्श औषध नव्हे. ते ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषते खरे, पण फार थोडा; आणि ते त्वचेत इतके रेंगाळते की रुग्णाला किमान तीस दिवस उन्हापासून जपावे लागते. आत्याचे पाच दिवस त्या मानाने काहीच नव्हते. तीसाचे पाच कसे झाले, या प्रश्नात अब्जांश कणांची गोष्ट सुरू होते.

इथे एक रासायनिक अडचण समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर उभे आहे. चांगले प्रकाशसंवेदक रेणू बहुधा सपाट, पसरट आणि पाण्याशी वैर धरणारे असतात. पाण्यात, म्हणजेच रक्तात, सोडले की ते भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात. असे चवडीत अडकलेले रेणू प्रकाश शोषतात, पण ती ऊर्जा ऑक्सिजनला न देता आपापसांतच उष्णतेच्या रूपात उधळून टाकतात. औषध शरीरात असूनही ते कामाचे राहत नाही. स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा तर हळदीचा देता येईल. हळद नुसत्या पाण्यात ढवळली तर तळाशी बसते आणि फोडणीच्या तेलात पडली की क्षणात रंग सोडते, कारण तिच्यातील कर्क्युमिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. हे कर्क्युमिन स्वतः एक प्रकाशसंवेदक आहे. निळ्या प्रकाशात ते जंतूंना मारते आणि हिरड्यांच्या व दातांच्या उपचारांसाठी त्याचा अभ्यास होत आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच असतो की, तेलाच्या या मित्राला पाण्याच्या मुलखात न्यायचे कसे.

उत्तर दुधाने कधीच देऊन ठेवले आहे. दुधात स्निग्धांश पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. औषधशास्त्रातील लायपोसोम म्हणजे याच तत्त्वावरची, परंतु फार काटेकोरपणे बनवलेली, स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याची पोकळ पुटकुळी असते. तिची रुंदी शे-दोनशे नॅनोमीटरच्या घरात ठेवता येते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. पाण्याला भिणारा रेणू या पापुद्र्यात सुटासुटा बसतो, त्याची चवड होत नाही. आत्याला दिलेले व्हर्टेपॉरफिन हे औषध असेच लायपोसोममध्ये भरलेले होते. त्याला २००० साली मान्यता मिळाली, म्हणजे ‘नॅनो’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचण्याआधीच एका अब्जांश वाहकातून दिलेला प्रकाशगतिक उपचार रुग्णांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला होता.

व्हर्टेपॉरफिनची रक्तातली वाटचाल मला फार आवडते. लायपोसोम शिरेत शिरला की आपल्याजवळचे औषध तो लवकरच रक्तातल्या एलडीएल कणांच्या, म्हणजे ज्यांना आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो त्यांच्या, हवाली करतो आणि स्वतः बाजूला होतो. नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एलडीएल पकडणारे ग्राहक रेणू (रिसेप्टर) भरपूर असतात, त्यामुळे औषध नेमके तिथे जास्त जमते. लायपोसोमचे काम एवढेच, की नावाड्याप्रमाणे पैलतीरावर पोहोचवायचे आणि परत फिरायचे. पुढचा प्रवास शरीराच्या स्वतःच्या गाडीने होतो. शिवाय हा रेणू ६८९ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, तोही फोटोफ्रिनपेक्षा कितीतरी चांगल्या प्रकारे, आणि शरीरातून लवकर निघून जातो. तीसाचे पाच दिवस झाले ते रेणूच्या या गुणांमुळे. लायपोसोमने त्या रेणूला रक्तात वावरता येईल असे केले. प्रसिद्धीपत्रकांतून याचे सगळे श्रेय ‘नॅनो’ला दिलेले वाचले की मला खटकते.

त्वचेच्या बाबतीतही असेच एक साधे उदाहरण आहे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, संक्षेपाने एएलए, हे स्वतः प्रकाशसंवेदक नसते. पेशी आपल्या हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, बनवण्याच्या नेहमीच्या मार्गावर त्याचे प्रोटोपॉरफिरिन बनवतात आणि कर्कपेशींत ते जास्त साठते. कॅनडात जेम्स केनेडी आणि रॉय पॉटियर यांनी १९९० मध्ये त्वचारोगांसाठी हा मार्ग दाखवला. अडचण अशी की, हे आम्ल पाण्याचे मित्र आहे आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर तेलकट, म्हणून ते आत शिरायला कुरकुरते. इथे रोग उलटा, पण औषध तेच. अब्जांश थेंबांच्या पायसात, म्हणजे नॅनोइमल्शनमध्ये, घोटून बनवलेले त्याचे जेल २०११ मध्ये युरोपात आणि २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि उन्हाने त्वचेवर उठणाऱ्या कर्करोगपूर्व खरबरीत डागांवर ते वापरले जाते.

आता दुसऱ्या अडचणीकडे येते. लहानपणी दिवे गेले की आम्ही बॅटरीच्या तोंडावर तळहात ठेवून बोटे लालभडक झालेली पाहत असू. बॅटरीच्या पांढऱ्या प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग रक्तातले हिमोग्लोबिन गिळून टाकते आणि लाल तेवढा पलीकडे निघतो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा अवरक्त प्रकाश, हीच शरीराची खिडकी आहे. त्याच्या अलीकडे हिमोग्लोबिन आडवे येते आणि पलीकडे पाणी. या खिडकीतूनही उपचाराला पुरेल इतका प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर खोल जातो. म्हणून डोळा, त्वचा, तोंड आणि नळीने पोहोचता येतील अशी अन्ननलिका व श्वासनलिका, हाच या उपचाराचा मुख्य प्रांत राहिला. या मर्यादेवर मात करण्याच्या खटपटीतूनच अब्जांश कणांचे सर्वांत दिमाखदार प्रयोग जन्माला आले.

सोन्यापासून सुरुवात करू. सोन्याचे वीस नॅनोमीटरच्या आसपासचे गोळे पाण्यात तरंगत असले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच अशा लाल सोन्याचा अभ्यास केला होता. हा रंग धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकसाथ डोलण्याचा असतो आणि तो कणाच्या आकारावर अवलंबून असतो. गोळ्याची काडी केली, किंवा वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढवले, तर शोषण सरकत सरकत थेट अवरक्त खिडकीत येते. असा कण प्रकाश शोषून ऑक्सिजनला काही देत नाही, तो सरळ तापतो आणि शेजारच्या पेशींना भाजून काढतो. म्हणून याला प्रकाशऔष्णिक उपचार म्हणतात आणि त्याला ऑक्सिजनची गरज नसते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी २००३ मध्ये सोन्याच्या कवचांचा हा उपयोग दाखवला. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील त्यांच्या माणसांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १६ पुरुष होते आणि त्यांपैकी १५ जणांवर उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण करता आला. पहिल्या प्रयोगापासून सोळा रुग्णांपर्यंत यायला सोळा वर्षे लागली. (कॉलेजांत या विषयावर बोलले की शेवटी कोणीतरी हमखास सुवर्णभस्माचा प्रश्न विचारतेच. इथे सोने औषध म्हणून वापरलेले नसते, तापणारा तवा म्हणून वापरलेले असते, एवढे सांगून मी तो विषय आटोपते.)

सोन्याची खरी अडचण तापण्यात नाही, तर नंतर जायचे कुठे यात आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा मोठ्या कठीण कणाला बाहेर सोडत नाही. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहा अडवून धरतात, आणि सोने तर कुजत नाही, विरघळत नाही. या प्रश्नावर आपल्याच भागात एक सुरेख काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील, म्हणजे अॅक्ट्रेकमधील, सहकारी यांनी लायपोसोमच्या पृष्ठभागावर सोन्याचे अगदी बारीक कण बसवून एक वाहक तयार केला. हे बारीक कण एकमेकांना खेटून बसलेले असताना त्यांचे शोषण अवरक्त भागात जाते आणि ते लेझरने तापतात. काम झाल्यावर आतली स्निग्ध पुटकुळी विरघळते आणि उरलेले सुटे बारीक कण यकृताच्या व मूत्रपिंडाच्या वाटेने बाहेर पडू शकतात. हे उंदरांवरील काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्यातली दृष्टी महत्त्वाची वाटते, कारण कण कसा बनवायचा याच्या आधी तो कसा मोडायचा याचा विचार त्यात केलेला आहे.

भाकऱ्यांच्या चवडीची अडचण वर सांगितली, तिचे टोरोंटोच्या गँग झेंग यांनी २०११ मध्ये सोने केले. त्यांनी पॉरफिरिनला स्निग्ध रेणूची शेपटी जोडली आणि लायपोसोमची भिंतच या जोडरेणूंची उभारली. सुमारे शंभर नॅनोमीटरच्या या पुटकुळीत पॉरफिरिन इतके दाटीवाटीने बसते की, शोषलेली सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे जो दोष होता तोच तापवण्यासाठी गुण ठरतो. आणि पेशीत जाऊन पुटकुळी फुटली की मोकळे झालेले रेणू पुन्हा चमकू लागतात व ऑक्सिजन चेतवू लागतात. बाहेरचा धातू नाही, परके काही नाही. दोषाचाच उपयोग करून घेण्याची ही युक्ती मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत मोहक वाटते.

अपकन्व्हर्शन कणांचे कौतुक मात्र मला सावधपणेच करावेसे वाटते. यटर्बियम आणि अर्बियम यांचे अणू पेरलेले हे स्फटिक अवरक्त प्रकाशाचे दोन किंवा अधिक कण एकामागून एक गिळतात आणि त्यांची ऊर्जा एकत्र करून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे शरीराच्या खिडकीतून अवरक्त प्रकाश आत पाठवायचा आणि आत, थेट औषधाच्या शेजारी, त्याचा दृश्य प्रकाश करून घ्यायचा. सिंगापूरमध्ये यावर महत्त्वाचे काम झाले आणि २०१२ मध्ये उंदरांत त्याचा परिणाम दाखवण्यात आला. कल्पना मनोहर आहे, पण हिशेब कडू आहे. लहान आकाराच्या कणांत हे रूपांतर बहुधा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. त्यांना लागणारा ९८० नॅनोमीटरचा प्रकाश नेमका पाणीही शोषते, त्यामुळे प्रकाश वाढवावा तर ऊती तापतात. आणि उंदराच्या पातळ कातडीखालची वाटाण्याएवढी गाठ म्हणजे माणसाच्या स्वादुपिंडातली गाठ नव्हे. शिवाय खोलवर प्रकाश न्यायचाच असेल तर बारीक प्रकाशतंतू सुईतून गाठीत घालता येतो आणि डॉक्टर ते आजही करतात. जे काम सुईने होते त्यासाठी दुर्मिळ मृदाधातूंचे स्फटिक रक्तात सोडण्याचे समर्थन कसे करायचे, याचे उत्तर बहुतेक शोधनिबंधांत मला सापडत नाही.

याच ठिकाणी एक आकडा सांगणे भाग आहे. १९८६ मध्ये जपानच्या हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवले होते की, गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात, आणि अब्जांश औषधांचे सारे आशावादी गणित पुढे त्यावर रचले गेले. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. उरलेले बहुतांश यकृतात आणि प्लीहेत अडकतात. नेहमीच्या केमोथेरपीच्या औषधासाठी ही बातमी वाईटच आहे. प्रकाशाच्या औषधासाठी ती तितकी वाईट नाही, असे माझे मत आहे. कारण यकृत काळोखात असते आणि तिथे अडकलेला प्रकाशसंवेदक जागा होत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र तिथे उघडलेच जात नाही, एवढी एक सवलत या उपचाराला जन्मजात मिळालेली आहे. मात्र त्वचा आणि डोळे उजेडातच असतात, हे विसरून चालत नाही.

तिसरी गरज ऑक्सिजनची. गाठीच्या आतल्या भागात तो आधीच तुटपुंजा असतो, कारण पेशी वाढतात तितक्या वेगाने रक्तपुरवठा वाढत नाही; त्यात हा उपचार स्वतःच उरलासुरला ऑक्सिजन खर्च करतो आणि नव्या वाहिन्या बंद पाडून पुढचा पुरवठाही तोडतो. डोळ्यात नेमके तेच हवे असते, गाठीत ते उपचार अर्धवट ठेवते. यावर प्रकाश थांबवत थांबवत देणे हा एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. कणांच्या जगात दोन वाटा आहेत : ऑक्सिजन भरपूर विरघळवून घेणाऱ्या परफ्लुओरोकार्बनचे थेंब औषधाबरोबर पाठवायचे, किंवा मँगनीज डायऑक्साइडचे कण पाठवून गाठीत साठलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून जागेवरच ऑक्सिजन तयार करायचा. दुसरी वाट शाळेतल्या प्रयोगाची आठवण करून देते. आम्हीही ऑक्सिजन असाच बनवला होता आणि धुमसती काडी भडकलेली पाहून टाळ्या वाजवल्या होत्या.

गुंतागुंतीचे सारे प्रयोग बाजूला ठेवून एका साध्या युक्तीने पुढे गेलेला उपचार जपानमध्ये आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील हिसाताका कोबायाशी यांनी २०११ मध्ये कर्कपेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडालाच (अँटिबॉडीलाच) अवरक्ताच्या उंबरठ्यावरचे रंगद्रव्य जोडून दाखवले, आणि डोके व मान या भागांतल्या कर्करोगासाठी त्यावर आधारलेल्या औषधाला जपानने २०२० मध्ये मान्यता दिली. त्यात कणही नाही आणि कवचही नाही. अब्जांश कणांवर काम करणाऱ्यांनी आपल्या नव्या कणाची तुलना नेहमी कशाशी करावी, असे मला कोणी विचारले तर मी याच औषधाचे नाव घेईन.

तोंडाचा कर्करोग हा तर आपल्या घराघरांतला विषय आहे. तंबाखूची डबी आणि चुन्याची डबी खिशात असलेली माणसे माझ्याही नात्यात आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील तय्यबा हसन, ज्यांचा आत्याच्या त्या हिरव्या औषधाचा उपचार घडवण्यातही वाटा होता, त्यांनी सहकाऱ्यांसह अलीगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात तोंडातल्या लहान, सुरुवातीच्या अवस्थेतल्या गाठींवर एक उपचार करून पाहिला. एएलए पिण्यातून द्यायचे, स्मार्टफोनला जोडलेल्या साधनाने गाठ कितपत चमकते ते पाहायचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या एलईडीचा लाल प्रकाश तोंडात धरायचा, अशी ती पद्धत. लेझरचे महागडे यंत्र नको आणि वीज गेली तरी दिवा चालू राहतो, हे ज्याने भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिथे अब्जांश कणाला करण्याजोगे काम मला स्पष्ट दिसते. पोटातून दिलेले एएलए अंगभर जाते आणि रुग्णाला दिवसभर तरी उजेड जपावा लागतो. ते जर गालाच्या आतल्या बाजूला चिकटून राहणाऱ्या, लाळेने वाहून न जाणाऱ्या आणि ओल्या अस्तरातून आत झिरपणाऱ्या जेलमध्ये देता आले, तर शेतावर जाणाऱ्या माणसाला खिडक्यांना घोंगड्या लावून घरी बसावे लागणार नाही. त्यासाठी सोने लागत नाही, यटर्बियम लागत नाही. त्वचेसाठी असे जेल युरोपात २०११ पासून आहे. तोंडासाठी ते बनवायचे तर लाळ, तंबाखूने जाड झालेले अस्तर आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात खेड्यातल्या दवाखान्याच्या कपाटात ते टिकणे, या तीन गोष्टींशी झगडावे लागेल. गेल्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी विषय मागितला, तेव्हा मी त्यांना यांतली तिसरी गोष्ट दिली. त्यांनी तेरा नमुने बनवले, त्यांतले अकरा मेच्या पहिल्या आठवड्यातच फाटलेल्या दुधासारखे झाले. उरलेले दोन अजून प्रयोगशाळेच्या खिडकीत, काळ्या कागदात गुंडाळून ठेवले आहेत.